'शिन मेगामी तेन्सेई'मध्ये पक्षांचा हिशेब कसा चालतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: 'शिन मेगामी तेन्सेई' या जपानी व्हिडिओ गेम मालिकेचा चौथा भाग खेळताना प्रत्येक ठिकाणी सभ्य, दयाळू आणि वडीलधाऱ्यांचे ऐकणारे उत्तर निवडले, तरी शेवटी देवदूतांच्या बाजूला उभे राहून टोकियो नष्ट करण्याची पाळी आली, तेव्हा हा खेळ चांगले-वाईट मोजतो तरी कसे, आणि ज्या यादीत लूसिफर आहे त्याच यादीत शिव, विष्णू आणि लक्ष्मी काय करतात? खेळांतील संवाद आणि त्यांचे परिणाम यांची रचना करणे हे माझे काम असल्यामुळे ही मालिका मी पुष्कळदा त्याच नजरेने खेळलो आहे, आणि त्या आधारावर पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो: हा खेळ तुमचे चांगले-वाईट मोजतच नाही. जगाची घडी कोणी बसवावी, या एका प्रश्नावरचे तुमचे मत तो मोजतो. ते मत तो तुम्हाला सरळ विचारत नाही, तर वाटेतल्या लहानसहान उत्तरांमधून थोडे थोडे गोळा करतो.

या रचनेचे मूळ टेबलावर खेळल्या जाणाऱ्या अमेरिकी रोल-प्लेइंग खेळांत आहे. १९७४ साली निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पहिल्या आवृत्तीत पात्रांचे पक्ष तीनच होते: लॉ (व्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अराजक). चांगले आणि वाईट हा दुसरा अक्ष नंतर जोडला गेला आणि त्यातून नऊ घरांचे प्रसिद्ध कोष्टक तयार झाले. १९८१ च्या 'विझार्ड्री' या संगणकीय खेळाने, जो जपानमध्ये अतिशय लोकप्रिय झाला, वेगळी वाट धरली. तिथे पात्र गुड, न्यूट्रल किंवा इव्हिल असते, गुड आणि इव्हिल पात्रे सहसा एका तुकडीत घेता येत नाहीत, आणि लढण्याची इच्छा नसलेले राक्षस वाटेत भेटले असता त्यांच्यावर हल्ला केला की त्यांना जाऊ दिले, यावरून पात्राचा पक्ष पालटू शकतो. अ‍ॅटलस कंपनीने १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर 'शिन मेगामी तेन्सेई' आणला तेव्हा त्यातही दोन अक्ष होते: आडवा अक्ष लॉ ते केऑस असा, आणि उभा अक्ष लाइट ते डार्क असा. मात्र खेळात भेटणाऱ्या डीमनला, म्हणजे देव, दैत्य, भुते अशा प्रत्येक मानवेतर सत्तेला, या दोन्ही अक्षांवर जागा दिलेली असते, तर नायकाला फक्त आडव्या अक्षावर. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. तुमच्या दयाळूपणाची किंवा क्रौर्याची नोंद करायला खेळाच्या वहीत रकानाच ठेवलेला नाही.

उभ्या अक्षावरचे लाइट आणि डार्क हेसुद्धा पुण्य आणि पाप नव्हेत. लाइट म्हणजे ज्यांना मान आहे, उपासना आहे, ज्यांचे तेज शाबूत आहे अशा सत्ता. डार्क म्हणजे भ्रष्ट झालेल्या, कुजलेल्या, पुष्कळदा भाषेच्याही पलीकडे गेलेल्या सत्ता. म्हणूनच २००३ च्या 'शिन मेगामी तेन्सेई ३: नॉक्टर्न'मध्ये भुतेखेते आणि ओंगळ वर्गातल्या डीमनशी एरवी धड बोलणेच होत नाही, त्यांच्याशी वाटाघाट करायला एक वेगळे कौशल्य शिकावे लागते. आता या दोन अक्षांवर शिवाला कुठे बसवले आहे ते पाहा. त्याचा वंश इंग्रजी आवृत्तीत 'फ्युरी' म्हणून ओळखला जातो, मूळ जपानीत तो विनाशक देवांचा वंश आहे, आणि त्याचे घर आहे लाइट आणि केऑस. म्हणजे पूजनीय, तेजस्वी आणि तरीही प्रस्थापित घडी मोडणारा. तांडवाची कल्पना लहानपणापासून ज्यांच्या कानावर आहे त्यांना हे घर चुकीचे वाटू नये. मायकेलसारखे श्रेष्ठ देवदूत लाइट आणि लॉ या घरात, तर नरकाचे अधिपती डार्क आणि केऑस या घरात बसतात. जपानी मूळ खेळ मानवेतर प्रत्येक सत्तेला एकाच नावाने हाक मारतो, त्यामुळे यादी एकच दिसते. प्रत्यक्षात त्या यादीत प्रतवारी आहे आणि ती बऱ्यापैकी अभ्यासपूर्वक केलेली आहे. लक्ष्मी आणि सरस्वती 'नॉक्टर्न'मध्ये 'मेगामी' म्हणजे देवींच्या वंशात आहेत. शिव मिळवायचा असेल तर त्या खेळात बालीच्या परंपरेतले रांगदा आणि बारोंग हे एकमेकांचे सनातन वैरी एकत्र करून त्यांचे फ्यूजन करावे लागते, म्हणजे दोघांना मिसळून नवा डीमन घडवावा लागतो. ज्याने कोणी ही जोडी ठरवली त्याला बालीच्या हिंदू परंपरेची चांगली जाण असावी असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता आडव्या अक्षाकडे वळू, कारण कथा त्यावरच चालते. पहिल्या खेळातला प्रसंग आजही या मालिकेतला सर्वांत नेमका प्रसंग आहे असे माझे मत आहे. टोकियोत डीमन अवतरू लागले आहेत. गोतो नावाचा लष्करी अधिकारी सत्ता बळकावून प्राचीन देवतांना आणि डीमनना परत बोलावतो आहे, कारण त्याच्या मते परकीय देवाच्या राज्यापासून वाचण्याचा तोच एक मार्ग आहे. दुसरीकडे थॉर्मन नावाचा अमेरिकी राजदूत ही आपत्ती क्षेपणास्त्रांनी जाळून संपवण्याच्या तयारीत आहे. गोतोचे रूप आणि आवेश पाहून १९७० साली इचिगाया येथील लष्करी तळावर बंडाचे आवाहन करून आत्महत्या करणाऱ्या युकिओ मिशिमा यांची आठवण कोणत्याही जपानी खेळाडूला झाल्यावाचून राहत नाही. दोघेही तुम्हाला सांगतात की समोरच्याला ठार करा. तुम्ही कोणाचे ऐकता यावर तुमची अलाइनमेंट, म्हणजे आडव्या अक्षावरची तुमची जागा, हलते. पण कोणाचेही ऐकले, किंवा कोणाचेच ऐकले नाही, तरी क्षेपणास्त्रे पडतातच. नायक दुसऱ्या लोकात फेकला जातो आणि परततो तेव्हा तीस वर्षे उलटलेली असतात. उद्ध्वस्त शहरात आता लॉचा मेसिया पंथ आणि केऑसचा गाया पंथ एकमेकांसमोर उभे असतात.

निवडीचा परिणाम कथेवर होत नाही म्हणून अनेक समीक्षक या प्रसंगाला नावे ठेवतात. रचनाकार म्हणून मला नेमका तोच भाग मोलाचा वाटतो. शहर वाचत असते तर खेळाडूने परिणाम पाहून, म्हणजे फायदा पाहून, निवड केली असती. शहर कसेही बुडणारच असल्यामुळे मागे उरते ती फक्त तुमची बाजू.

तुमचे दोन मित्रही या अक्षाच्या दोन टोकांकडे सरकत जातात. एक मरून देवाचा दूत म्हणून परततो. दुसरा, किचिजोजी भागातल्या ओझावा नावाच्या गुंडाने केलेल्या अपमानाचा सूड घ्यायला बळ हवे म्हणून, स्वतःलाच एका डीमनशी एकरूप करून घेतो. लॉ आणि केऑस यांची किंमत खेळ व्याख्यान देऊन सांगत नाही, ती या दोन देहांवर दाखवतो. शेवटी कॅथेड्रलमध्ये लॉच्या वाटेने गेलात तर असुरराज अशुराशी, केऑसच्या वाटेने गेलात तर मायकेलशी, आणि मधल्या वाटेने गेलात तर दोघांशीही लढावे लागते. न्यूट्रल म्हणजे अंग चोरून बसणे नव्हे. या मालिकेत सर्वांत जास्त रक्त सांडणारी वाट तीच आहे.

एवढ्यावर भागले असते तर हा कथेच्या फांद्यांचा साधा खेळ झाला असता. या मालिकेचे वेगळेपण असे की अलाइनमेंट तुम्ही जमवलेल्या डीमनच्या फौजेत उतरते. पहिल्या खेळात लॉकडे झुकलेल्या नायकाला केऑसचे डीमन बोलावता येत नाहीत, आणि केऑसकडे झुकलेल्याला लॉचे. विचार करा, तुम्ही तासन् तास खपून एखाद्या बलाढ्य डीमनचे फ्यूजन केले, आणि कथेतल्या दोन उत्तरांमुळे तो तुमच्या हाकेला ओ देईनासा झाला. मताची किंमत युद्धात मोजावी लागते ती अशी. शिवाय बोलावलेला प्रत्येक डीमन चालताना मॅग्नेटाइट नावाचे खेळातले इंधन खातो, त्यामुळे कोणाला सोबत ठेवायचे हा प्रश्न सतत खिशाला जाऊन भिडतो. बोलणी, फ्यूजन, मॅग्नेटाइट आणि पक्ष ही चार चाके एकमेकांत अडकलेली असतात तेव्हाच ही यंत्रणा जिवंत वाटते, आणि पुढच्या भागांपैकी जिथे जिथे पक्षाचे चाक सुटे झाले तिथे तिथे तो नुसता शेवट निवडायचा खटका उरला.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी, कारण नव्या खेळाडूंची तिथे गल्लत होते. डीमनला फौजेत घेण्यासाठी होणारी बोलणी आणि अलाइनमेंट या बहुतेक भागांत दोन निराळ्या व्यवस्था आहेत. बोलणीत स्वभाव, चंद्रकला आणि लाच यांचे राज्य असते. पौर्णिमेला डीमन उन्मत्त असतात आणि बोलण्याच्या मनःस्थितीत नसतात. त्याच जातीचा डीमन तुमच्याजवळ आधीच असेल तर नवा फौजेत येत नाही, पण ओळख दाखवून बहुधा वाट सोडतो. मक्का हे तिथले नाणे, औषधे, कधी तुमच्या अंगातले बळ, असे काहीही ते मागतात आणि घेऊन चक्क पळूनही जातात. या सगळ्या फसवाफसवीची नैतिक नोंद सहसा कुठेच होत नाही. १९९५ च्या 'डेव्हिल समनर'ने आणि त्यानंतर १९९७ च्या 'सोल हॅकर्स'ने तर नायकाची अलाइनमेंट बाजूला ठेवून डीमनच्या स्वभावाला आणि निष्ठेलाच महत्त्व दिले; तिथे प्रश्न तुम्ही कोणत्या बाजूचे हा नसतो, तुमचा डीमन तुमचा हुकूम मानतो का हा असतो.

आता २०१३ चा निन्टेन्डो ३डीएसवरचा चौथा भाग, जिथे तुमची फसगत झाली. पूर्व मिकाडो राज्यातला फ्लिन हा नायक, योनातन हा कुलीन आणि नियमांवर श्रद्धा असलेला सोबती, वॉल्टर हा कोळ्याचा मुलगा असलेला बंडखोर सोबती, आणि मधे इझाबो. पडद्यामागे एकच आकडा चालू असतो. लॉला पोषक उत्तर दिले की तो एका बाजूला सरकतो, केऑसला पोषक उत्तर दिले की दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्या उत्तरांचे वजन सारखे नसते. हा आकडा खेळाडूला कधीच दाखवला जात नाही. आता सभ्य उत्तरांचे काय होते ते पाहा. योनातन जे बोलतो ते ऐकायला सभ्य असते: आज्ञा पाळावी, लोकांना घाबरवू नये, शांतता टिकवावी. वॉल्टर जे बोलतो ते ऐकायला उद्धट असते. सुसंस्कृत घरातला माणूस सवयीने योनातनला दुजोरा देत जातो आणि प्रत्येक दुजोऱ्यागणिक वहीत एकच वाक्य लिहिले जाते: वरून आलेली व्यवस्था या माणसाला मान्य आहे. निर्णायक क्षणी खेळ त्या सगळ्या दुजोऱ्यांची बेरीज तुमच्यासमोर ठेवतो. देवदूतांना वरची व्यवस्था निष्कलंक हवी आहे, टोकियो हा त्यावरचा डाग आहे, म्हणून यामातो अणुभट्टीतून निर्माण होणाऱ्या कृष्णविवरात टोकियो गिळले जाते. योनातन तोवर मेर्काबा या देवदूतात विलीन झालेला असतो. तुम्ही कोणतेही क्रूर उत्तर दिले नव्हते हे खरेच आहे. क्रूर उत्तर तुम्हाला कोणी विचारलेच नव्हते.

याचा अर्थ खेळ लॉला खलनायक ठरवतो असा नाही. त्याच खेळात टोकियोत अशुराकाई नावाची टोळी शहरात शांतता राखते, आणि त्या शांततेसाठी डीमनना खायला दिल्या जाणाऱ्या लाल गोळ्या माणसांच्या मेंदूतून काढलेल्या द्रव्यापासून बनतात, हे कळते तेव्हा व्यवस्था या शब्दाचीच घृणा वाटू लागते. पण मग दोन पर्यायी टोकियो दाखवले जातात. एकात देवाची योजना तडीस गेलेली आहे आणि माणसे विषारी वाळवंटात तडफडत आहेत; दुसऱ्यात बळ हाच न्याय झाला आहे आणि माणूस डीमनमध्ये मिसळून गेला आहे. दोन्ही मतांचे शेवटचे टोक आधी दाखवून मग निवड मागणे, ही चौथ्या भागाची रचनेतली सर्वांत प्रामाणिक कृती आहे.

त्याचा मोठा दोषही सांगायलाच हवा. न्यूट्रल वाट मिळवायला आकडा शून्याच्या आसपासच्या अगदी अरुंद पट्ट्यात असावा लागतो. आकडा दिसत नसताना ही अट घालणे म्हणजे खेळाडूला मार्गदर्शिका उघडायला भाग पाडणे होय. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, एकदा संपूर्ण निष्ठा दाखवली आणि दुसऱ्यांदा संपूर्ण बंड केले तरी बेरीज शून्यच येते. दोन्ही बाजूंना ठाम नकार देणारा माणूस आणि ज्याला स्वतःचे मतच नाही असा माणूस, या दोघांत बेरजेला फरक करता येत नाही. माझ्या स्वतःच्या कामात मी अशा ठिकाणी दोन स्वतंत्र आकडे ठेवतो, एक लॉबद्दलच्या विश्वासाचा आणि एक केऑसबद्दलच्या विश्वासाचा, आणि दोन्ही कमी असतील तरच मधली वाट उघडतो. त्यामुळे न्यूट्रल ही सरासरी न राहता भूमिका होते. चौथ्या भागाने ही उणीव पुढे थोडी भरून काढली आहे. न्यूट्रल वाटेला लागल्यावर तुम्हाला टोकियोतल्या सामान्य लोकांची कामे करत हिंडावे लागते आणि त्यांच्या आशेने एक पात्र भरावे लागते, तेव्हा कुठे लूसिफर आणि मेर्काबा या दोघांशी लढण्याचा अधिकार मिळतो. बेरजेने दार उघडते, पण आत शिरल्यावर श्रम करावे लागतात.

इतर भागांनी हाच पेच निराळ्या तऱ्हेने सोडवला. 'नॉक्टर्न'ने लॉ आणि केऑस ही नावेच बाजूला ठेवून तीन पात्रांची तीन तत्त्वे मांडली: हिकावाचे शिजिमा, जिथे व्यक्ती विरून सर्वत्र निश्चल शांतता पसरते, चिआकीचे योसुगा, जिथे फक्त बलवान आणि सुंदर जगतात, आणि इसामुचे मुसुबी, जिथे प्रत्येक जण आपापल्या एकट्या जगात बंद असतो. नायक अर्धा डीमन झालेला असल्यामुळे त्याला स्वतःचे तत्त्व निर्माण करता येत नाही, तो फक्त कोणाला तरी पाठिंबा देऊ शकतो किंवा सगळ्यांना नाकारू शकतो. आधीच्या भागांत मताला गुण मिळत होते. इथे मत मांडण्याचा हक्कच नायकाकडून काढून घेतला आहे, आणि मला ते अधिक धीट वाटते. २००९ च्या 'स्ट्रेंज जर्नी'ने, जो अंटार्क्टिकात पसरत चाललेल्या एका विवरात घडतो, पक्ष पुन्हा लढाईत आणला: शत्रूच्या उणिवेवर घाव बसला की घाव घालणाऱ्याच्याच पक्षाचे बाकीचे सोबतीही त्यावर तुटून पडतात. परिणाम असा होतो की खेळाडू नकळत एका रंगाची फौज जमवू लागतो, आणि विरोधी मताचा डीमन कितीही गुणी असला तरी त्याला बाहेर बसवतो. माणसे गट कसे बनवतात यावर याहून बोचरे भाष्य मी कोणत्याही खेळाच्या नियमांत पाहिलेले नाही, आणि त्यासाठी एक शब्दही खर्ची पडलेला नाही.

भारतीय वाचकाला विशेष रस वाटेल असे दोन भाग राहिले. चौथ्या भागाचा २०१६ मधला उत्तरार्ध 'अपॉकलिप्स' यात कृष्ण हा बहुदैवत आघाडीचा नेता आहे. ओडिन आणि मैत्रेय त्याच्या सोबत आहेत, एकेश्वरी व्यवस्थेच्या बाहेर नवे विश्व घडवण्याची त्याची आकांक्षा आहे आणि फ्लिनला तो विष्णूशी एकरूप करतो. आपल्याकडच्या भक्ताला हे चित्रण खटकू शकते आणि तो आक्षेप मला समजतो. पण हसतमुखाने डावपेच खेळणारा, मुत्सद्दी कृष्ण जपानी लेखकांनी महाभारतातूनच उचललेला दिसतो. २०२१ चा पाचवा भाग तर पक्षांची व्याख्याच धर्मरचनेच्या भाषेत करतो: लॉ म्हणजे एका देवाचे सिंहासन टिकवणे, केऑस म्हणजे असंख्य देवांचे राज्य परत आणणे, आणि न्यूट्रल म्हणजे ते सिंहासनच मोडून टाकणे. बेथेल या संघटनेच्या भारतीय शाखेचा प्रतिनिधी तिथे वासुकी आहे. केऑस हा शब्द ऐकताच नाक मुरडणाऱ्या मराठी खेळाडूने हे लक्षात घ्यावे की पाचव्या भागाच्या या व्याख्येनुसार आपले देवघर केऑसच्याच बाजूला पडते.

तुम्हाला चौथा भाग पुन्हा खेळून मधली वाट गाठायची असेल, तर उत्तर सभ्य आहे की उद्धट हे पाहणे सोडून द्या. प्रत्येक प्रश्नाला मनात एकच प्रतिप्रश्न करा: या उत्तराने मी व्यवस्थेला बळ देतो आहे की ती मोडणाऱ्याला? सुरुवातीच्या मिकाडोतल्या भागात योनातनला बरेच दुजोरे देऊन बसला असाल तर टोकियोत उतरल्यावर वॉल्टरच्या बाजूने तेवढेच झुका, आणि निर्णायक प्रश्नांच्या आधी वेगळ्या जागी एक सेव्ह ठेवा, कारण पक्ष ठरल्यानंतर मागे फिरता येत नाही. लॉ किंवा केऑस निवडलात तर इझाबो तुमच्यासमोर शस्त्र घेऊन उभी राहते. तो प्रसंग टाळता येत नाही आणि तो पाहण्यासारखा आहे, म्हणून एकदा तरी तुमची आताची सेव्ह शेवटपर्यंत न्या. पाचव्या भागात उत्तरांच्या बेरजेची चिंता कमी आहे, मात्र तिथला गुप्त शेवट हवा असेल तर न्यूट्रल वाटेबरोबर काही ठरावीक उपकथानके पूर्ण करावी लागतात, आणि त्यांपैकी एकात साक्षात शिवाला हरवावे लागते. तो ९६ व्या पातळीवर आहे, तेव्हा त्याला तोंड देणारी फौज आधी बांधा आणि मगच त्याच्यासमोर जा.